रुमालाखालचा भाव

वाद सुरू झाला श्रेणिकच्या लॅपटॉपवरून.
बिजागरी बसवायला आला होता,
स्क्रू अजून माझ्या चिमटीत, तोच म्हणाला,
"काका, अजून चोरीची विंडोज टाकताय गिऱ्हाइकाला?"

माझं दुकान सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागल्या गेटला.
कीबोर्ड उलटा धरून झटकला
की टेबलावर पिवळा धूर.
इथली प्रत्येक मशीन हळद लागलेली,
लग्न कुणाशी लावलंय
ते मालकालाही ठाऊक नसतं.

श्रेणिक मगदूम, वय तेवीस.
त्याच्या घरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत,
तो बंद कोडला हात लावत नाही.
दोन्ही नेम सारखेच कडक.

इर्शाद नदाफ समोर, खुर्चीत पाय वर घेऊन:
"तुझ्या त्या फुकटच्यावर माझा गेम चालतो?
नाही ना? विषय संपला."

विषय संपला म्हटलं की आमच्याकडं विषय सुरू होतो.
चहा आला. परत आला.
फुकट वेगळं, मोकळं वेगळं, हे श्रेणिकनं तिसऱ्यांदा सांगितलं.
खिशाला काही वेगळं कळत नाही, असं इर्शाद.
कुणी ग्राफिक कार्डाच्या किमती काढल्या,
कुणी कुणाची अक्कल.

मी सोल्डरिंग तापवत होतो.
मला कुणी विचारलं नाही.
माझं मत एवढंच, चालतंय ते हलवू नये.

तेवढ्यात सुकुमारअण्णा चौगुले आले, अडतवाले,
रुमालात बोटभर काहीतरी बांधून.
हिशोबाच्या प्रोग्रॅमचं कुलूप.
"हे लावल्याबिगर उघडत नाही,
आन् आता लावलं तरी उघडत नाही."
कंपनीचा फोन लागत नव्हता.
अकरा वर्षांची उधारी आत.

श्रेणिकचा चेहरा उजळला.
दुसऱ्याच्या अडचणीत उजळू नये,
पण वादात उजळतो माणूस.
"बघा अण्णा! आतलं सगळं उघडं असतं, तर..."

"उघडं?" अण्णा बसले. गाठ सोडून
रुमाल त्यांनी डाव्या हातावर पसरला.
"पोरा, आम्ही ह्याच्याखाली सौदे केले.
बोटं धरायची. चार, मग दोन, मग पेऱ्याला जरा दाब.
भाव दोन हातांना ठाऊक.
ज्याची हळद, त्याला नुसतं कापड दिसायचं."

"तेच! तेच म्हणतोय मी!"

"काय म्हणतोस? मी फसवलं म्हणतोस?"

पंखा तेवढा फिरत होता.
श्रेणिक खाली बघू लागला, इर्शादनं पाय खाली घेतले.

"एकदा," अण्णा म्हणाले, रुमालालाच.
"खानापूरकडची एक बाई होती. सात पोती."
पुढं काही बोलले नाहीत.

मग इर्शाद, कुणी विचारलेलं नसताना:
"माझा तो गेम बंद केला त्यांनी. मार्चमध्येच.
बाराशेची पावती आहे माझ्याकडं.
गेम नाहीय."
तासभर भांडला, तेव्हा हे त्यानं दाबून ठेवलं होतं.

कुलपाच्या टोकावर हळदीचा थर होता.
स्पिरिट घेतलं, जुना टूथब्रश घेतला.
तिसऱ्या वेळेला हिरवा दिवा लागला,
आणि श्रेणिकचा वाद
चांगला जिंकत आलेला, तिथंच अडकला.

अण्णा म्हणाले, सगळं कागदावर काढ.
सगळं? सगळं.
प्रिंटर साडेनऊपर्यंत किरकिरत होता.
श्रेणिक पानं लावत बसला.
दिवस कधीच मावळलेला,
पोरगं उपाशी राहिलं.

अण्णा पानापानावरून बोट फिरवत होते.
एखादं नाव शोधत असावेत.
रुमालाखालचं कुठल्या वहीत चढतं?

गठ्ठा काखेत मारून ते गेले.
रुमाल राहिला. मी हात पुसायला उचलला,
आणि तसाच ठेवला.

शटर ओढताना इर्शादनं विचारलं,
"ह्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का रे तुझ्या लिनक्सला?"
"मिळतो की," श्रेणिक म्हणाला. "पण..."
"हां. बोल. पण?"